तरंगणारं लाकूड बुडवायचं कसं?

पावसाळा सरला की कोकणात खाड्यांच्या मुखाशी पुरात वाहून आलेल्या लाकडांचा खच पडलेला दिसतो. साल गेलेली, लाटांनी गुळगुळीत झालेली वाकडीतिकडी मुळं. घरी माशांची टाकी असणाऱ्याचा हात तिकडे वळतोच, कारण दुकानात हेच ‘ड्रिफ्टवुड’ चांगलं महाग मिळतं. पण ते तसंच टाकीत सोडलं तर तरंगत राहतं.

खरं तर लाकडाचा मूळ पदार्थ, म्हणजे पेशींच्या भिंती, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतात. सागवान असो वा सावर, हा आकडा फारसा बदलत नाही. बदलतात त्या आतल्या पोकळ्या. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी चढतं, त्या वाळल्यावर हवेने भरतात आणि ही हवाच लाकडाला वर धरते.

लाकूड उकळायचं ते जंतू मारायला, असा सर्वसाधारण समज. जंतू मरतात, कीड मरते; पण मोठं काम वेगळंच होतं. तापलेली हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तिची जागा वाफ घेते. खरी गंमत गॅस बंद केल्यावर! निवताना वाफेचं पाणी होतं, नळ्यांतला दाब घटतो आणि भोवतालचं पाणी आत खेचलं जातं. म्हणून तास-दोन तास उकळल्यावर लाकूड त्याच पातेल्यात, वर दगड ठेवून, पूर्ण निवू द्यावं. गरम असतानाच उचललंत, तर पाण्याऐवजी पुन्हा हवाच आत शिरणार. जाड ओंडक्याचा गाभा एका खेपेत तापत नाही. तो बादलीत काही आठवडे बुडवून ठेवणं बरं. पाणी मात्र बदलत राहा.

किनाऱ्यावरच्या लाकडात मीठही मुरलेलं असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरच्या आरओसाठी वापरतात तो टीडीएस मीटर इथे कामी येतो: नव्याने भरलेल्या पाण्याचा आकडा दिवसभरात चढला, तर लाकडातून अजून काहीतरी बाहेर येतंय.

पाणी तपकिरी झालं की लोक घाबरतात. ते टॅनिन; चहाचा तुरटपणा याच कुळातला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ नेग्रो नदीचं पाणी अशाच द्रव्यांनी गडद झालेलं असतं आणि कार्डिनल टेट्रा तिथलेच रहिवासी. टॅनिनने पाणी किंचित आम्लधर्मी होतं, पण बोअरवेलच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट हा परिणाम जवळपास शोषून घेतात. रंग नकोसा वाटला तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घाला. सुरुवातीला लाकडावर पांढरी बुळबुळीत साय धरते, तीही निरुपद्रवी. गोगलगायी आणि छोट्या कोळंब्या ती आवडीने खातात.

नख रुतेल इतकं कुजकं, डिंक किंवा चीक गळणारं, रंग लावलेलं लाकूड मात्र घेऊ नका. आणि सुंदर मुळांच्या मोहाने खारफुटीला हात लावू नका. महाराष्ट्रात ती तोडणं हा गुन्हा आहे.