आधी फादरची भेट, मग मांडव

पोरगी पसंत पडली, सुपारी फुटली. मांडववाल्याला इसार गेला, वाजंत्री ठरली, पत्रिकाही छापून आल्या. मग घरातल्या कोणाला तरी आठवण होते, ‘अरं, फादरला सांगायचं ऱ्हायलंच की!’ मंडळी मिशनच्या दारात उभी राहतात. “फादर, येत्या बुधवारी बार उडवून द्यायचाय. तुम्ही फकस्त मिस्सा लावा.” फादर शांतपणे विचारतात, “ते होईल. पण पोरीला एकटीला बसवून कोणी विचारलंय का?”

नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या गावांना हा प्रसंग नवा नाही. राहुरी तालुक्यातले केंदळ-वळण, संगमनेर, राहाता, नेवासे तालुक्यातली सोनई या भागांत कॅथलिक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शेती आणि मजुरी करून राहतात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा तर १९४९ पासून भरते आणि तिथे सर्व जातिधर्मांचे लोक जातात. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि आपला जिल्हा त्यात आला. हळद लावणे, वरात काढणे हे रीतिरिवाज शेजारच्या घरासारखेच. पण चर्चमधल्या लग्नाचा अर्थ मात्र थोडा वेगळा आहे. तो नीट कळला, तर पुढचे बरेच घोळ टळतात.

‘हो’ कोणाचा?

कॅथलिक धर्मात सात संस्कार मानतात. लग्न हा त्यातला एक. गंमत अशी, की हा संस्कार फादर देत नाहीत. नवरा-नवरी तो एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि ऐकतात. शिवाय दोन साक्षीदार लागतात. म्हणजे लग्न लागते ते त्या दोघांच्या ‘हो’मुळे. तो ‘हो’ बापाच्या धाकाने किंवा भीतीपोटी वदवून घेतलेला असेल, तर चर्चच्या कायद्याप्रमाणे लग्नच ग्राह्य ठरत नाही. एखादे मोठे वैगुण्य फसवून दडवले असेल, तरीही तेच. म्हणून फादर मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बोलावून प्रश्न विचारतात. वडीलधाऱ्यांना त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. पोरीला मोकळेपणी बोलायला मिळावे, एवढाच हेतू.

तयारी कशाची?

किमान तीन महिने आधी फादरला भेटावे. जाताना दोघांचे बाप्तिस्म्याचे अलीकडे काढलेले दाखले, दृढीकरणाचा दाखला आणि वयाचा पुरावा न्यावा. दुसऱ्या मिशनचा मुलगा असेल, तर त्याचे लग्न आधी झालेले नाही, असे तिथल्या फादरचे पत्र लागते. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा कुठल्या कुठे झालेला असतो. दाखला शोधण्यातच महिना जातो. नंतर रविवारच्या मिस्सेत दोघांची नावे पुकारतात. कोणाला हरकत माहीत असेल, तर त्याने सांगावी.

लग्नापूर्वी शिबिर असते. संसार, पैसा, दारू, सासर-माहेर, मुलांचे संगोपन अशा विषयांवर तिथे बोलणे होते. ‘आमच्या बापजाद्यांनी कुठं केली होती शिबिरं?’ असे काही जण म्हणतात. पण बियाणे पेरण्याआधी आपण जमिनीची मशागत करतोच ना?

तारीख धरताना उपवासकाळ आणि नाताळापूर्वीचा आगमनकाळ पाहावा. त्या दिवसांत थाटमाट टाळतात.

नात्यातली सोयरीक

आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजतात. चर्चच्या कायद्यात मात्र मामे-आते भावंडांच्या लग्नाला आडकाठी आहे. महागुरुस्वामींची खास परवानगी मिळाल्याशिवाय ते लागत नाही. एक पक्ष ख्रिस्ती नसेल, तरीही परवानगी लागते. पण त्याने बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे, अशी अट नाही.

वयाचे मात्र कोणीच माफ करू शकत नाही. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांना लागू आहे. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसेवकांनी मिशनच्या फादरशी बोलणे ठेवले, तर दोघांचेही काम हलके होईल.

वहीतली नोंद

चर्चमधल्या लग्नाला १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचा आधार आहे. लग्नाची नोंद चर्चच्या वहीत होते आणि तिची माहिती सरकारी निबंधकांकडे जाते. शिवाय जिथे बाप्तिस्मा झाला, तिथल्या वहीतही त्या नावापुढे लग्नाची नोंद करतात. सातबाऱ्यावर फेरफार चढावा तसेच हे. पहिले लग्न लपवून दुसरे करायला निघालेला माणूस तिथेच सापडतो. लग्नाचा दाखला मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. वारसनोंद, विधवेचे निवृत्तिवेतन, पासपोर्ट यांसाठी पुढे तोच कामी येतो.

कॅथलिक धर्मात घटस्फोट नाही. लग्न मुळातच ग्राह्य नव्हते, असे सिद्ध झाले, तर चर्चचे न्यायमंडळ तसा निर्वाळा देते. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले, की असा निर्वाळा म्हणजे कायद्याने घटस्फोट नव्हे. त्यासाठी न्यायालयातच जावे लागते. उलट, न्यायालयाचा घटस्फोट मिळाला म्हणून चर्चमध्ये दुसरे लग्न लागत नाही. दोन्ही दारे वेगळी आहेत. एकाच दाराने आत-बाहेर करायला गेलेली माणसे नंतर वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात आणि सोसावे लागते ते बहुधा पोरीला आणि लेकरांना.

तेव्हा यंदा घरात कार्य काढले असेल, तर मांडववाल्याला इसार देण्याआधी मिशनची पायरी चढा. आणि त्याच्याही आधी घरच्या पोरीला जवळ बसवून विचारा, “बाई, तुझ्या मनात काय हाय?” चर्चमधल्या लग्नाची खरी तयारी तिथूनच सुरू होते.