उंदरावर सिद्ध झालेले जायफळ माणसालाही लागू पडते का?

हा विषय घरात मोठ्याने बोलला जात नाही. म्हणूनच त्याचा बाजार जोरात चालतो. ‘मर्दाना ताकद’, ‘शंभर टक्के हर्बल’, ‘लॅबमध्ये सिद्ध’ अशा जाहिराती आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. यातले ‘लॅबमध्ये सिद्ध’ म्हणजे नेमके काय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच घेऊ. जायफळ. युनानी हकीम त्याला ‘जौजबुवा’ म्हणतात आणि फार पूर्वीपासून ताकदीच्या माजूनमध्ये वापरतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अजमल खान तिब्बिया कॉलेजमधल्या संशोधकांना वाटले, जुना दावा आहे तर तो तपासून बघू. त्यांचे निष्कर्ष 2003 ते 2005 या काळात छापून आले. आधी लहान उंदरांवर जायफळ आणि लवंग, मग मोठ्या उंदरांवर जायफळ असे हे प्रयोग होते.

पद्धत साधी होती. जायफळाचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क नर उंदरांना सात दिवस रोज तोंडाने दिला. एका गटाला किलो वजनामागे 100 मिलिग्रॅम, दुसऱ्याला 250, तिसऱ्याला 500. तुलनेसाठी काही उंदरांना अर्क दिलाच नाही, तर काहींना सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध दिले. माद्यांना हार्मोन देऊन तयार केले होते. मग नर किती वेळात जवळ जातो, किती वेळा प्रयत्न करतो, याची घड्याळ लावून नोंद केली. 500 मिलिग्रॅमच्या गटात स्पष्ट फरक दिसला. थोड्या दिवसांत ठळक विषारी परिणाम दिसले नाहीत.

म्हणजे हकीमसाहेबांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. पण थांबा. ते उंदीर तंदुरुस्त होते. त्यांना ना शुगर, ना बीपी, ना नोकरीचे टेन्शन. प्रयोग सात दिवसांचा. उंदराची हालचाल मोजता येते, पण नवरा-बायकोतली ओढ, भीती, शरम कशी मोजणार? सिल्डेनाफिललाही 1998 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्यावरच. प्राण्यावरचा प्रयोग म्हणजे ‘पुढे तपासायला हरकत नाही’ एवढाच इशारा.

आता डोसचा हिशेब बघा. उंदराचा डोस सरळ वजनाने गुणला, तर 60 किलोच्या माणसाला रोज 30 ग्रॅम अर्क होतो. शास्त्रज्ञ असे गुणत नाहीत. उंदराचा डोस माणसासाठी काढताना ते साधारण सहाने भागतात. तरीही रोज 5 ग्रॅमच्या आसपास अर्क येतो. आणि नुसत्या जायफळाची पूड 5 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ पोटात गेले, तरी उलट्या, छातीत धडधड, डोक्यात गोंधळ, भास होऊ शकतात. खिरीत चिमूटभर टाकतो ती गोष्ट वेगळी. बातमी वाचून घरी अर्क काढू नका.

दुसरा धोका पुडीतला. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा सापडले आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचे ब्लडप्रेशर त्याने एकदम कोसळू शकते, जीवही जाऊ शकतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे असा दावा भिंतीवर किंवा मोबाइलवर दिसला, की विकणारा कायदा मोडतोय हे ओळखा.

सगळ्यात महत्त्वाचे. ही कमजोरी कधी कधी डायबिटीस किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. पुडी खाऊन ती लपवली, तर आजार आत वाढत राहतो. म्हणून आधी शुगर आणि बीपी तपासा. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. हकिमांकडे जायचे असेल, तर नोंदणी असलेल्या, पदवीधर हकिमांकडेच जा. आणि बायकोपासून लपवू नका. शरमेपेक्षा जीव मोठा आहे.