लिटरभर पेट्रोल कुठे खर्ची पडते?

‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ असे कुणाला विचारले, की बहुधा दोन आकडे ऐकू येतात : गावात १४, हायवेला २०. गाडी तीच, चालवणाराही तोच. मग फरक कशाने पडतो? शाळेत शिकवतो त्या बलाच्या आणि ऊर्जेच्या सूत्रांनी हे कोडे बरेचसे सुटते.

एका साध्या मोटारीचे गणित मांडू या. माणसांसकट तिचे वस्तुमान १००० किलो समजू. सपाट रस्त्यावर तिला मुख्यतः दोन विरोध होतात. पहिला टायरचा. रस्त्याला टेकतो तिथे टायर दबतो, पुढे सरकला की पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-उठण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. (लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो तो यामुळेच.) हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण सव्वा टक्का, म्हणजे इथे सुमारे १२० न्यूटन असतो आणि वेगाबरोबर फारसा बदलत नाही.

दुसरा विरोध हवेचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय गाडी समोरून किती रुंद-उंच आहे आणि तिचा आकार कसा आहे, यावरही ठरतो. आपल्या मोटारीसाठी तो ताशी ३६ कि.मी. वेगाला ४२ न्यूटन, ७२ ला १६८ आणि ९० ला २६२ न्यूटन येतो. वजनाचा येथे काहीच संबंध नाही.

एक न्यूटन बलाविरुद्ध एक किलोमीटर जायला एक किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे हेच आकडे दर किलोमीटरचा खर्च म्हणून वाचता येतात. ताशी ७२ ला दोन्ही मिळून २८८ किलोज्यूल, ९० ला ३८२. वेग पाव पटीने वाढला, खर्च मात्र जवळजवळ एकतृतीयांशाने! १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ कि.मी.ची वेगमर्यादा घातली, ती याच हिशोबाने. लोकांना ती कधीच फारशी रुचली नाही आणि १९९५ मध्ये ती उठली. वर्गाचा नियम मात्र उठवता येत नाही. वीस किलोची बॅग डिकीत ठेवली तर हायवेला फारसे बिघडत नाही. तीच टपावर बांधली, तर हवा तिचे भाडे वसूल करते.

आता गावात येऊ. वेग ताशी ३६, पण किलोमीटरला तीन वेळा थांबावे लागते. दर वेळी गाडीची गतिज ऊर्जा, ५० किलोज्यूल, ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तीन थांब्यांचे १५०, टायरचे १२०, हवेचे ४२ : एकूण ३१२. यातले २७०, म्हणजे ८५ टक्क्यांहून अधिक, थेट वजनाच्या प्रमाणात आहेत. वजन मारते ते गावात, आकार मारतो तो हायवेवर. भरलेली एस.टी. १५ टनांची धरली, तर ताशी ५४ कि.मी. वेगावरून एकदा थांबताना ती सुमारे १७०० किलोज्यूल घालवते. लिटरभर डिझेलमधून चाकांपर्यंत १२,००० किलोज्यूल पोचतात असे धरले, तर सात थांब्यांत एक लिटर संपले! हायब्रीड आणि विजेच्या गाड्या ब्रेक लावताना यातला काही भाग बॅटरीत परत घेतात. गावात त्या उजव्या ठरतात, त्याचे हे एक मोठे कारण.

पण चाणाक्ष विद्यार्थी इथे अडवील. गावातले ३१२ हे ९० च्या वेगाच्या ३८२ पेक्षा कमीच आहेत. मग अ‍ॅव्हरेज गावात का पडते?

कारण आतापर्यंत आपण चाकांपाशी हिशोब केला, इंजिनापाशी नाही. ताशी ९० ला लागणारी शक्ती काढा : ३८२ न्यूटन गुणिले सेकंदाला २५ मीटर, म्हणजे साधारण १३ अश्वशक्ती. इंजिन मात्र ६० ते १०० अश्वशक्तीचे असते. ती जादा शक्ती घाट चढायला, ओव्हरटेक करायला आणि (खरे बोलायचे तर) मिरवायला लागते. गावात तर सरासरी गरज चार-पाच अश्वशक्तींचीच. पेट्रोल इंजिन इतके कमी काम करते तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा ओढण्यात आणि पिस्टनच्या घर्षणात त्याची बरीच कमाई जाते. सिग्नलला तर सगळीच जाते. इंजिन जितके मोठे, तितका हा घरखर्च मोठा. बारा जणांच्या पातेल्यात दोघांचा चहा करण्यासारखेच हे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. मोकळ्या मैदानात, वारा नसताना, सायकल ठराविक वेगाने एका खुणेपर्यंत आणावी आणि पायडल मारणे सोडावे. ती किती लांब जाते ते मोजावे. एकदा ताठ बसून, एकदा वाकून. मग तोच वेग ठेवून डबलसीट. टायरमध्ये हवा भरपूर हवी. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगावे. बहुतेक जण म्हणतील की डबलसीट सायकल लवकर थांबेल. प्रत्यक्षात ती सहसा पुढे जाते. का, ते वरच्या दोन विरोधांवरून त्यांनाच काढू द्यावे. आणि तो वेग गाठताना धाप कुणाला जास्त लागली, हेही विचारावे.