सीटचा दांडा बदलताना

आधी व्यास. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, सायकलच्या फ्रेमच्या उभ्या नळीत तंतोतंत बसावा लागतो. प्रचलित मापे २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिमी. ०.२ मिमीचा फरकही नडतो: दांडा घसरत राहतो किंवा आत जातच नाही. माप बहुधा जुन्या दांड्याच्या खालच्या टोकाजवळ कोरलेले असते. नसल्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. बारीक दांडा रुंद नळीत शिम (मधली पातळ नळी) घालून बसवता येतो. जाड दांड्याला मात्र इलाज नाही.

सेटबॅक: सीटची पकड दांड्याच्या मध्यरेषेपासून जितकी मागे, ते अंतर. सरळ दांड्यात शून्य, मागे वळलेल्यात साधारण २० ते २५ मिमी. हे अंतर पाय आणि पेडल पाहून ठरते. हँडल लांब पडते म्हणून सीट पुढे ओढणे ही नेहमीची चूक. त्यासाठी आखूड स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) असतो.

• उंचीचा पहिला अंदाज: पेडल तळाशी, त्यावर टाच, गुडघा सरळ.
• किमान खोलीची खूण नळीबाहेर दिसली, तर दांडा आखूड आहे. फ्रेम तडकू शकते.
• स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा ग्रीसशिवाय बसवल्यास कालांतराने जाम होतो. कार्बनला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावावी.