स्पॅनिश घर: आधी सावली, मग सजावट

आजचा विषय आहे घराला स्पॅनिश लूक कसा द्यायचा.

मोबाइलवर ‘स्पॅनिश स्टाइल’ शोधलंत तर काय दिसतं? खडबडीत प्लास्टर, कमानी, काळं लोखंडी झुंबर, छताला जाड लाकडी तुळया. छानच दिसतं. पण यातलं बरंचसं रूप घडलं ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. १९१५ साली सॅन डिएगोत मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथल्या स्पॅनिश धाटणीच्या इमारती लोकांना भारी आवडल्या. १९२५ च्या भूकंपानंतर सांता बार्बरा शहराचा मध्यभाग याच धाटणीत पुन्हा उभा राहिला.

मग खुद्द स्पेनमध्ये काय आहे? चला, दक्षिणेला, कोर्दोबा शहरात. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून इथल्या जुन्या घरात जे जे सुंदर दिसतं, ते बहुतेक उन्हाशी भांडायला आलेलं आहे.

पहिला पातिओ, म्हणजे घराच्या मधोमध असलेलं उघडं अंगण. आपल्या वाड्यातला चौक आठवा. रात्रीची गार हवा इथे खाली साचते. दिवसा वरून कापड ओढून सावली करतात. भिंतीभर फुलांच्या कुंड्या, मध्ये कारंजं किंवा विहीर. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, म्हणून गारवा. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीला डबा बांधतात! दर मे महिन्यात इथे पातिओंची स्पर्धा असते. ती १९२१ मध्ये सुरू झाली, आणि २०१२ मध्ये या उत्सवाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

दुसऱ्या पांढऱ्या भिंती. हा चुना आहे. तो ऊन परतवतो, स्वस्त असतो आणि जंतूंनाही मारक.

तिसऱ्या रंगीत टाइल्स, स्पॅनिशमध्ये ‘आसुलेखो’. हा शब्द अरबीतून आला. गोव्यात दिसणारे ‘अझुलेजो’ म्हणजे हाच शब्द, फक्त पोर्तुगीजांच्या तोंडून. पण बघा, जुन्या घरांत या टाइल्स बऱ्याचदा कमरेएवढ्या उंचीपर्यंतच असतात. हात, खुर्ची, पाणी लागून भिंत खराब होते ती तेवढ्याच भागात. तिथे पुसता येईल असं काहीतरी हवं. वर मोकळा पांढरा रंग.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: खिडकी. स्पेनमध्ये खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा असतो, ‘पेर्सियाना’. आपण पडदा आत लावतो. तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं आणि खोली तापते. ते लोक उन्हाला काचेपर्यंत पोचूच देत नाहीत. दुपारी सगळं बंद, रात्री सगळं उघडं.

आता तुमच्या वन बीएचकेत काय करायचं? घर भाड्याचं आहे, भिंत फोडता येत नाही, हे धरूनच सांगतो.

बाल्कनीला बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा लावा. भिंती पांढऱ्या ठेवा. मात्र ऑइल पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तिथे साधा पांढरा रंगच बरा. टाइल्सची हौस असेल तर ओट्यामागची पट्टी किंवा एखाद्या टेबलाचा वरचा भाग पुरेसा आहे. मातीच्या कुंड्या घरभर विखरू नका, एकाच भिंतीवर गर्दी करा.

फक्त एक लक्षात घ्या. कोर्दोबाची हवा कोरडी आहे. नागपूर, अकोला, संभाजीनगरच्या उन्हाळ्यात कुंड्या, पाणी आणि दुपारी बंद खिडक्या ही युक्ती चालते. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेत आधीच दमटपणा, तिथे पाण्याने गारवा येत नाही, उलट घुसमट वाढते. तिथे सावली घ्या, पण वारा अडवू नका.

म्हणून खरेदीला निघण्याआधी एक दिवस घरात बसून बघा, ऊन कुठून येतं आणि किती वाजता. पहिला खर्च त्या खिडकीवर करा, झुंबराचं नंतर बघू. आणि तुमची खिडकी पश्चिमेला असेल, तर तुम्ही काय जुगाड केलाय ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!