नुसतं पाहिलं, तरी शिकलो!

आज घरी आई-बाबांना एक प्रश्न विचारा. ‘लहानपणी तुम्ही एक हात वर करून गोल गोल गिरक्या घेतल्या होत्या का हो?’ बरेच जण हसू लागतील. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली आणि अंगणात, गच्चीवर, शाळेच्या व्हरांड्यात पोरं गरागरा फिरू लागली. कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणीच नाही. त्यांनी फक्त पाहिलं होतं!

नुसतं पाहून माणूस शिकतो का, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी तपासून पाहिलं. १९६१ साली त्यांनी ७२ छोटी मुलं निवडली. काहींच्या समोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवलं, लाथाडलं. नंतर ही मुलं तशाच बाहुल्याजवळ गेली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी हुबेहूब तसंच केलं! १९६३ साली हाच प्रकार फिल्मवर दाखवला, तरी तेच घडलं.

खरी गंमत १९६५ सालच्या प्रयोगात आहे. टीव्हीसारख्या खोक्यावर फिल्म दाखवली. शेवट मात्र तीन प्रकारचे. एकात मारणाऱ्याला खाऊ मिळाला, दुसऱ्यात त्याला चांगलाच ओरडा बसला, तिसऱ्यात काहीच झालं नाही. ओरडा पाहिलेल्या मुलांनी बाहुल्याला कमी मारलं. तुम्ही म्हणाल, ‘छान! म्हणजे ती शिकलीच नाहीत.’ थांबा. मग बांडुरांनी सांगितलं, ‘जे पाहिलंत ते करून दाखवा, बक्षीस मिळेल.’ आणि काय आश्चर्य! तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. धडा सगळ्यांनीच गिरवला होता, काहींनी तो मनात ठेवला होता एवढंच.

आता काही अभ्यासक म्हणतात, बाहुल्याला मारणं आणि माणसाला मारणं यात खूप फरक आहे. ते खरंच आहे. मारामारी पाहणारा प्रत्येक जण काही गुंड होत नाही. घरचे, शिक्षक, दोस्त यांचंही आपण पाहतोच की!

आणि पाहून चांगलंही शिकता येतं बरं का! मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी बांडुरांच्याच विचारांच्या आधारे १९७५ साली एक मालिका काढली. तिच्यातली मोठी माणसं लिहायला-वाचायला शिकत होती. ती बघून कितीतरी निरक्षर प्रेक्षकांनी साक्षरता वर्गात नाव घातलं.

आज टीव्हीच्या जोडीला हातात मोबाईल आहे. ‘मी फक्त बघतो, करत थोडंच!’ असं आपण सहज म्हणून जातो. पण डोळे बघत असतात तेव्हा मन वहीत उतरवून घेत असतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी पडद्यावर कुणाची टर उडवली आणि सगळे खो खो हसले, की स्वतःला हळूच विचारा, ‘यातलं मी आत्ता काय शिकलो?’