मातीची ओळख (भाग 7) : खाजणातलं आम्ल

चिकणमातीचे कण म्हणजे पत्त्यांची चवड, आणि पत्त्यांच्या फटीत पाणी शिरलं की माती फुगते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्या चवडीत आम्ल मुरलं तर?

शहाबादी फरशीवर लिंबू पिळून ठेवलं की झिलई जाते ती जातेच, पुसून परत येत नाही. मातीचंही तसंच होतं, फक्त सावकाश.

पनवेलच्या खाडीकाठचं खाजण बघा. गाढी, कासाडी या नद्यांनी काळ्या पाषाणाची झीज आणून टाकली आणि भरतीनं त्यात शिंपले मिसळले. आम्ल आलं की आधी हे शिंपले विरघळतात. ते शिल्लक असेपर्यंत सामू फारसा उतरत नाही, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. शिंपले संपले की आम्लातला हायड्रोजन कणांना चिकटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हुसकावतो. पिकाचं अन्न पाण्याबरोबर वाहून जातं. सामू पाचाच्या खाली गेला, की पत्त्याच्या आतलं ॲल्युमिनियमच सुटू लागतं. ते भाताच्या मुळांची टोकं खुरटवतं. शिवाय पत्ते घट्ट धरून ठेवतं, म्हणून काळ्या जातीची माती पूर्वीइतकी फुगत नाही, तिच्या गुठळ्या होतात आणि पाणी झिरपायला वाट मिळते. खारबंदिस्तीचे बांध याच चिखलाचे असतात, हे इथं आठवावं.

सगळ्या माती अशाच वागतात असं मात्र नाही. तीव्र आम्ल मुरल्यावर काही तांबड्या माती उलट फुगतात आणि कारखान्याची फरशी वर उचलली जाते. आणि हाच बदल माणूस मुद्दाम घडवतो तेव्हा त्याचा उपयोगही होतो : गंधकाम्लात शिजवलेली बेंटोनाइट माती खाद्यतेलाचा रंग शोषून घेते.

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीजवळ, कासाडीच्या काठी कारखान्यातल्या रंगानं निळे झालेले कुत्रे दिसले आणि देशभर बातमी झाली. रंग दिसला म्हणून लोक जागे झाले. सांडपाण्यातून येणाऱ्या आम्लाला मात्र रंग नसतो.

बरं, आम्ल नेहमी बाहेरूनच येतं असंही नाही. खारफुटीच्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात गंधक असतं. लोखंडाशी बांधलेलं हे गंधक पाण्याखाली निरुपद्रवी असतं. चिखल उपसून हवेवर टाकला की त्याचंच गंधकाम्ल होतं. हॉलंडमध्ये 1852 साली हार्लेमरमेर सरोवर कोरडं केलं, तेव्हा तळाची काही जमीन अशीच आंबट निघाली. डच शेतकरी अशा मातीला ‘मांजरमाती’ म्हणतात. केरळच्या कुट्टनाडमधल्या ‘करी’ जमिनी याच कुळातल्या. आपल्या खाजणात कुठं धोका आहे, हे त्या जागी शिंपले जास्त की गंधक, यावर ठरतं.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ या जाती दिल्या. पण मीठ सोसणं वेगळं, आम्ल सोसणं वेगळं. चुना टाकून सामू वर आणता येतो. पत्त्यातून निघून गेलेलं ॲल्युमिनियम मात्र पुन्हा जागेवर बसत नाही.

म्हणून खाडीकाठच्या शेतकऱ्यांना एक विनंती. उपसलेला काळा चिखल खाचरात पसरण्याआधी त्याचा थोडा नमुना पातळ थरात, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने हवेवर राहू द्या आणि मगच सामू मोजा. ताज्या चिखलाचा आकडा फसवा असतो.